डँडेनाँगला जाणाऱ्या मैत्रिणीस

पुणे

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मिळालं. मेलबर्नच्या डँडेनाँग भागातल्या केंद्रात अफगाण बायकांच्या गटाला मदत करायला तुला बोलावलंय, हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस त्यावर मी विचार करत बसले. 'मी वकील नाही, मानसोपचार माझा विषय नाही, गाणं शाळेच्या प्रार्थनेपलीकडे कधी गेलं नाही. मग मी तिथे जाऊन करणार काय? तू आयुष्यभर कायदा शिकवलास, तूच सांग.' सांगते. पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बस.

आधी तुझ्याच गावाबद्दल. थॉमस स्ट्रीटवरच्या अफगाण बाजारात तू नान आणायला जातेस, पण तुझ्या मेलबर्नचं आणि अफगाण निर्वासितांचं नातं त्या बाजारापुरतं नाही. ऑगस्ट २००१ आठव. 'टँपा' नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडायला आलेल्या बोटीतून ४३३ जणांना वाचवलं होतं. त्यातले बहुतेक तालिबानच्या पहिल्या राजवटीतून पळालेले, हजारा या अल्पसंख्य अफगाण जमातीचे लोक होते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने त्यांना किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिलं नाही. तेव्हा कोर्टात धाव घेतली ती मेलबर्नच्या वकिलांनी, तीही एक पैसा न घेता. जूलियन बर्नसाइड हे त्यांतलं मोठं नाव. ११ सप्टेंबर २००१ ला न्यायमूर्ती नॉर्थ यांनी त्या माणसांच्या बाजूने निकाल दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि पुढच्या काही दिवसांत अपिलात तो निकालही फिरला. बहुतेकांची रवानगी नाउरू बेटावर झाली. खटला हरला, पण निर्वासितांसाठी फुकट उभं राहणाऱ्या वकिलांची एक अख्खी फळी त्यातून तुमच्याकडे तयार झाली. हेच बर्नसाइड संगीताचे मोठे आश्रयदाते म्हणूनही ओळखले जातात. मला यात आश्चर्य वाटत नाही. का, ते पुढे सांगते.

आश्रयाच्या दाव्यात वकील नेमकं काय करतो, ते आधी समजून घे. १९५१ च्या निर्वासित करारात छळाची पाच कारणं दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाशी संबंध आणि राजकीय मत. समोरच्या माणसाची भीती या पाचांतल्या एका तरी कारणात बसते, हे सिद्ध करावं लागतं. आता रातोरात घर सोडलेल्या बाईकडे कागद असणार किती? धमकी फोनवर आलेली असते आणि फोन तर वाटेतच फेकून दिलेला असतो. मग पुरावा म्हणजे तिचं सांगणं. आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस तिला सांगावा लागतो, तोही एकदा नाही. अर्जात, मुलाखतीत, नाकारलं तर अपिलात, आणि दर वेळी तारीख, वार, माणसांची संख्या तीच यावी लागते. थोडा फरक पडला की अधिकारी लिहून मोकळा होतो, 'कथनात विसंगती'.

इथेच कायद्याला मानसशास्त्राची गरज लागते. २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जेन हर्लिही आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. ब्रिटनमध्ये राहण्याची परवानगी आधीच मिळालेल्या बोस्निया आणि कोसोव्होच्या निर्वासितांना त्यांनी तोच प्रसंग काही काळाच्या अंतराने पुन्हा विचारला. खोटं बोलून त्यांना काहीही मिळणार नव्हतं. तरीही दोन्ही वेळच्या सांगण्यात फरक पडला. ज्यांच्या मनावरचा आघात जास्त, त्यांच्यात दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसा फरकही वाढला. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त भोगलं तोच कोर्टासमोर सर्वांत खोटा दिसण्याची शक्यता. मी वर्गात हा अभ्यास शिकवत असे तेव्हा मुलं एकदम गप्प व्हायची. चांगला वकील म्हणूनच मानसतज्ज्ञाचा अहवाल जोडतो आणि चांगला मानसतज्ज्ञ कायद्याला काय हवं ते शिकून घेतो.

दुसरा अभ्यास तर तुमच्या देशातलाच. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा व्हिसा आणला. राहा, पण काही वर्षांनी पुन्हा तपासू, आणि तोवर बायकामुलांना आणायचं नाही. सिडनीत राहणाऱ्या अफगाण आणि इराणी निर्वासितांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाकडे कायमचा व्हिसा होता, दुसऱ्याकडे तात्पुरता. मागे भोगलेलं दोघांचंही भयंकर होतं, पण तात्पुरत्या व्हिसावाल्यांची मनःस्थिती कितीतरी वाईट निघाली. त्यांचा आजार मागे राहिलेल्या युद्धाचा तर होताच, पण पुढ्यातल्या अनिश्चिततेचाही होता. मानसशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी काबूलमध्ये केलेल्या कामातूनही हेच दिसलं. अपुरी जागा, बेकारी, घरातली कुरबुर या रोजच्या ताणांचा माणसांच्या मनावरचा भार युद्धाच्या आठवणींपेक्षा कमी नव्हता, उलट जास्तच भरला. आता सांग, अशा माणसाला औषध कोण देणार? अर्ध्याहून जास्त औषध वकिलाकडे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुमच्या सरकारने तात्पुरत्या व्हिसावर वर्षानुवर्षं अडकलेल्या सुमारे १९,००० लोकांना कायमच्या निवासासाठी अर्ज करायची वाट मोकळी केली. त्यासाठी वकील आणि निर्वासितांच्या संघटना दहा-दहा वर्षं झगडत होत्या. तुझ्या गटात येणाऱ्या काही बायकांचे नवरे त्या यादीत असतील. त्यांच्या घरात रात्री झोप लागायला तेव्हापासून सुरुवात झाली असेल.

कायद्याची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १७ जानेवारी २०२१ ला काबूलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन महिला न्यायाधीशांना कामावर जाताना गोळ्या घातल्या. सात महिन्यांनी, १५ ऑगस्टला, शहर तालिबानच्या हाती गेलं आणि तुरुंगांचे दरवाजे उघडले. बायकांना मारहाण केली म्हणून, खून केला म्हणून ज्यांना या न्यायाधीश बायकांनी शिक्षा दिली होती, ते पुरुष त्यांचे पत्ते शोधत फिरू लागले. तेव्हा जगभरच्या महिला न्यायाधीशांची संघटना आणि ब्रिटिश वकील हेलेना केनेडी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली वकिलांची मोहीम कामाला लागली. फोनवरून रात्री-अपरात्री वाटा सांगितल्या गेल्या, पैसे गोळा झाले, विमानं ठरली. शंभराहून अधिक महिला न्यायाधीश, वकील आणि कार्यकर्त्या कुटुंबांसह अथेन्सला पोचल्या. मी ज्या विषयावर इतकी वर्षं बोलले तो विषय या बायकांनी जिवावर उदार होऊन जगला आहे. त्यांच्यातली एखादी आज कुठल्या तरी परक्या शहरात भाषेच्या प्राथमिक वर्गात बसली असेल, याचा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

आणि निकालच सांगायचा तर ४ ऑक्टोबर २०२४ चा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑस्ट्रियातल्या दोन अफगाण बायकांच्या प्रकरणात ठरवलं की तालिबानने बायकांवर लादलेली बंधनं एकत्र पाहिली तर तो छळच आहे. अर्जदार स्त्री आहे आणि अफगाण आहे एवढं पाहून आश्रय देता येईल. तिला स्वतःला वेगळा धोका आहे हे सिद्ध करायला लावायची गरज नाही. याचा अर्थ लक्षात घे. यापुढे कित्येक बायकांना तो वाईट दिवस परक्या माणसासमोर उलगडावाच लागणार नाही. कायदा इतका शहाणा होऊ शकतो, हे मला या निकालाने दाखवलं. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचा सर्वोच्च नेता अखुंदजादा आणि सरन्यायाधीश हक्कानी यांच्यावर स्त्रियांच्या छळाबद्दल अटकेची वॉरंटं काढली. ती बजावली जातील की नाही ते पुढे दिसेल, पण गुन्ह्याला गुन्हा म्हटलं गेलं.

आता मनाच्या उपचारांबद्दल. जर्मनीत कॉन्स्टान्झ विद्यापीठात मॅगी शॉअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी एक पद्धत बसवली. जमिनीवर एक दोरी पसरतात. ती त्या माणसाच्या आयुष्याची रेघ. जन्मापासून सुरुवात करून तो चांगल्या घटनांच्या जागी फुलं ठेवतो आणि वाईट घटनांच्या जागी दगड. दोरीचं शेवटचं टोक गुंडाळलेलंच राहतं, ते पुढचं आयुष्य. मग एकेका बैठकीत एकेका दगडाजवळ थांबून ती घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची, सावकाश, सोबतीला कोणी असताना. ऐकणारा ते लिहून काढतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो आणि शेवटी ती पूर्ण कहाणी त्या माणसाच्या हाती देतो. हवं तर तो ती कोर्टातही वापरू शकतो. या पद्धतीची मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे फुलं. आश्रयाच्या मुलाखतीत फुलांबद्दल कोणीच विचारत नाही. आईच्या अंगणातलं तुतीचं झाड, पहिल्या नोकरीचा पगार, बहिणीचं लग्न, हे दाव्याच्या कामाचं नसतं. म्हणून महिनोन् महिने फक्त दगड मोजत राहिलेल्या माणसाला आपण दगडांचेच बनलो आहोत असं वाटू लागतं.

संगीत इथे येतं. तुला अहमद सरमस्त माहीत असायला हवेत, कारण त्यांनी डॉक्टरेट तुझ्या मोनाश विद्यापीठातूनच घेतली. वडील सलीम सरमस्त अफगाणिस्तानचे नामवंत संगीतकार. मुलाने मेलबर्नमधलं स्वस्थ आयुष्य सोडून काबूल गाठलं आणि २०१० मध्ये राष्ट्रीय संगीत संस्था उघडली. रस्त्यावर पिशव्या, च्युइंगगम विकणारी मुलं, अनाथ मुलं आणि मुली, सगळे एका वर्गात. रबाब, सितार, सरोद, तबला यांच्याबरोबर व्हायोलिन आणि चेलोही. ११ डिसेंबर २०१४ ला काबूलच्या फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात त्यांच्या विद्यार्थ्यांचं संगीत असलेलं एक नाटक चालू होतं. विषय आत्मघाती हल्ल्यांचा. त्याच नाटकात आत्मघाती हल्लेखोराने स्फोट घडवला. सरमस्त यांच्या डोक्यात धातूचे तुकडे घुसले, कान गेले. उपचार तुमच्या ऑस्ट्रेलियात झाले आणि ऐकू येऊ लागल्यावर ते पुन्हा काबूलला गेले. याच संस्थेतून 'झोहरा' हा सगळ्या मुलींचा वाद्यवृंद उभा राहिला. जानेवारी २०१७ मध्ये त्या मुली दावोसला वाजवून आल्या.

२०२१ मध्ये संस्थेला कुलूप लागलं. मग सरमस्त यांनी देशोदेशीच्या मित्रांना कामाला लावलं. चेलोवादक यो-यो मा यांनीही शब्द टाकला. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि काही कुटुंबीय मिळून २७३ जण दोहामार्गे डिसेंबरमध्ये लिस्बनला पोचले. पोर्तुगालने त्यांना गट म्हणून आश्रय दिला. एकेकाचा वेगळा खटला नाही, एक अख्खी शाळाच. आता ती ब्रागा आणि गिमारेंश या गावांत आहे. यातली कित्येक मुलं आईवडिलांना मागे सोडून आली होती. म्हणून वाजवण्याचे धडे चालू असताना दुसरीकडे कुटुंबांना एकत्र आणण्याचे अर्ज आणि रात्री घाबरून उठणाऱ्या मुलांची काळजी, हे तिन्ही एकाच छताखाली करावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ही मुलं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होती. त्याच महिन्यात काबूलमध्ये तालिबानने कायदा काढला, बाईचा आवाजसुद्धा सार्वजनिक जागी ऐकू येता कामा नये. त्याच्या आदल्या वर्षी हेरातमध्ये वाद्यांची होळी झाली होती. कायदा आला तशा अफगाण बायकांनी आपलं गाणं फोनवर चित्रित करून जगाला पाठवलं. काहींनी चेहरा झाकून, काहींनी न झाकता.

आपल्या माणसांनाही हे संगीत परकं नाही. काबूलच्या खराबात मोहल्ल्यात एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून गेलेले गवई वसले. त्याच परंपरेतले उस्ताद सरहंग पतियाळा घराण्यात शिकले. आपला सरोद रबाबाच्याच कुळातला. भैरवी त्यांच्याकडेही आहे. आणि मोठ्या मंचांवर जाऊ नको. हेरातच्या बायका पिढ्यान् पिढ्या घरच्या घरी, लग्नाकार्यात दायरा नावाचा डफ वाजवून गात आल्या. व्हेरोनिका डबलडे यांनी १९७० च्या दशकात तिथे राहून ते शिकून घेतलं आणि 'थ्री विमेन ऑफ हेरात' हे पुस्तक लिहिलं. तुझ्या गटात वाद्य हातात घेतल्यावर जिचा ताण आपोआप उतरेल अशी एखादी आजी नक्की असेल.

आता मला काय म्हणायचंय ते तुझ्या ध्यानात आलं असेल. कायदा माणसाकडून त्याचा सगळ्यात वाईट दिवस मागतो. मागावाच लागतो, त्याशिवाय आश्रय नाही. मानसोपचार तो दिवस सांगून झाल्यावर माणसाला सावरतो. आणि संगीत ही अशी जागा आहे की जिथे तो दिवस कोणी विचारत नाही. जिथे ती बाई अर्जदार नसते, रुग्ण नसते, ती चांगली किंवा बेसूर गाणारी बाई असते. तिन्हींतलं एक जरी निखळलं तरी बाकीची दोन अपुरी पडतात. व्हिसा मिळूनही न झोपणारी माणसं मी पाहिलीत, आणि उत्तम समुपदेशन मिळूनही पुढच्या सुनावणीच्या धास्तीने खचलेली माणसंही.

ती मी इथेच पाहिली. पुण्यात अफगाण विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या येत आहेत, माझ्या वर्गातही होते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने, देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले. सुट्टीत घरी गेलेली मुलं तिकडेच अडकली, इथे असलेल्यांचे पैसे येणं थांबलं. आपला देश १९५१ च्या करारात नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. दिल्लीत लाजपतनगर, भोगलमध्ये राहणारे अफगाण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाच्या कार्डावर दिवस काढतात. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत अफगाण हिंदू-शीखांना जागा आहे, पण हजारा मुसलमानाला नाही. जिवाच्या हक्काचं कलम २१ मात्र परकीयांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. इथले वकील त्याच एका धाग्यावर लढतात. तेव्हा तू जिथे आहेस तिथली साधनं किती मोलाची आहेत ते ओळख. छळातून वाचलेल्यांसाठी १९८७ पासून काम करणारं 'फाउंडेशन हाउस' तुमच्याकडे आहे. फुट्सक्रेचं आश्रयार्थींचं केंद्र आहे. त्यांचे फोन नंबर पर्समध्ये ठेव.

आणि आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला तिन्हींतलं एकही यायची गरज नाही. तुला हिंदी येते. तुझ्या गटातल्या बऱ्याच जणींना ती हिंदी सिनेमांमुळे समजत असेल; एके काळी काबूलमध्ये संध्याकाळी घरोघरी 'तुलसी'ची हिंदी मालिका लागायची. म्हणजे बोलण्याचा पूल तयार आहे. गोष्ट मात्र कुणालाही विचारू नकोस. 'तुम्ही कशा आलात, तिकडे काय झालं' हे प्रश्न विचारायला अधिकारी आहेत. कोणी आपणहून सांगू लागली तर ऐक, मध्ये तोडू नकोस, आणि तुझ्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर केंद्रातल्या जाणत्या बाईंना सांग. वकिलाकडे जायची तारीख असेल तर तिच्याबरोबर ट्रेनने जा, तिचं मूल सांभाळ. दुभाषी पुरुष आला आणि ती बोलेनाशी झाली, तर तिच्या वतीने बाई दुभाषी माग. तो तिचा हक्क आहे, हट्ट नाही. ती हजारगी बोलते की दरी की पश्तो, हे आधीच विचारून कळवून ठेव. सरकारी पत्र आलं की ते त्याच दिवशी वकिलापर्यंत पोचेल एवढं बघ, कारण अपिलाची मुदत हुकली की सगळ्यांत हुशार वकीलही हात टेकतो. आणि एखाद्या दिवशी दायरा आण. तुला भैरवीतलं एखादं भजन येतच असेल, ते गा. पुढचं त्या बघतील.

इराण आणि पाकिस्तानने गेल्या काही वर्षांत लाखो अफगाणांना परत धाडलंय. पेशावरमध्ये आसरा घेतलेल्या गायक-वादकांना, आम्हाला परत पाठवू नका, असं सांगायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. जगाची दारं लागत चालली आहेत. म्हणून जी माणसं आत पोचली आहेत त्यांच्याकडे आपण पाठ फिरवायची नाही. तू या आठवड्यात केंद्राला हो म्हणून कळव. आणि जायला लागलीस की मला सविस्तर लिही, विशेषतः कायद्याचं काही अडलं तर ताबडतोब. माझ्याकडे आता वेळही आहे आणि पुस्तकंही.

तुझी,
पुण्याची मैत्रीण